दहा मिलिवॉटमध्ये लंडन

डोंबिवलीतला चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट. टेबलावर काड्यापेटीहून थोडी मोठी डबी, तिच्यावर बोटभर अँटेना. या डबीची प्रक्षेपणशक्ती 10 मिलिवॉट, म्हणजे एका वॉटचा शंभरावा भाग. तिची रेडिओलहर बिल्डिंगच्या गेटापर्यंत पोचली तरी पुष्कळ झालं. आता समजा, भर दुपारी एक हॅम या डबीजवळ उभा राहतो, हातातल्या वॉकी-टॉकीचं बटण दाबतो आणि आपला कॉलसाइन सांगतो. बटण सोडल्यावर काही क्षणांतच लंडनहून कुणीतरी त्याला ‘गुड मॉर्निंग’ म्हणतं.

हे झालं कसं? त्या दोन-चार क्षणांत काय काय घडलं हे सावकाश उलगडून पाहिलं, तर हातातल्या त्या यंत्राकडे आपण पुन्हा पहिल्या नजरेनं पाहू शकत नाही.

आधी हॅम म्हणजे कोण ते पाहू. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या लहरींवर जगाशी बोलणारा माणूस. भारतात त्याला ‘व्हीयू2’ किंवा ‘व्हीयू3’नं सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, मिळतो. या छंदाचा सगळा जीव अँटेनात. 14 मेगाहर्ट्झवर दूरदेशी बोलायचं तर साधारण 10 मीटर लांब तार उंचावर ताणावी लागते, 7 मेगाहर्ट्झसाठी 20 मीटर. फ्लॅटमध्ये ती कुठे ताणणार? गच्ची सोसायटीची, आणि सोसायटीची परवानगी मिळणं परीक्षेपेक्षा अवघड. शिवाय एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर इतकी, की दूरच्या क्षीण आवाजाला जागाच उरत नाही. कितीतरी हॅम घर बदललं आणि छंद सुटला, असे गप्प झाले.

मग काहींच्या मनात आलं, मधलं लांबचं अंतर इंटरनेटनं कापलं तर? दोन्ही टोकांना रेडिओ, मध्ये इंटरनेट. 1997 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या डेव्ह कॅमेरॉन यांनी ‘आयआरएलपी’ नावाची जोडणी उभी केली. 2002 साली अमेरिकेतल्या जोनाथन टेलर यांचं ‘एकोलिंक’ आलं. त्यात परवान्याचा पुरावा दाखवला, की संगणकावरून आणि पुढे मोबाइलवरूनही दूरदेशीच्या रिपीटरवर (आलेली लहर पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावर) बोलता येऊ लागलं. तोवर जपानच्या हौशी रेडिओ संघटनेनं ‘डी-स्टार’ तयार केलं होतं, ज्यात आवाज हवेतूनच आकड्यांच्या रूपात जातो. मग ‘डीएमआर’ आलं. हे युरोपीय मानक 2005 साली सुरक्षारक्षक, कारखाने, वाहनताफे यांच्या वॉकी-टॉकीसाठी प्रसिद्ध झालं आणि हॅम मंडळींनी ते हौसेनं आपलंसं केलं. आपल्या डोंबिवलीच्या हॅमच्या हातात आहे ते हेच.

आता गळ्यावर बोट ठेवा आणि ‘आऽऽ’ म्हणा. थरथर जाणवली? आता ‘ईऽऽ’ म्हणा. थरथर तीच, बदलला फक्त तोंडाचा आकार. आता ‘स्स्स’ म्हणा. थरथर गायब! नुसती हवा. आपलं सगळं बोलणं एवढ्यावरच उभं आहे: गळ्यातली गुणगुण किंवा नुसती हवा, आणि तिला आकार देणारे टाळू, जीभ, ओठ.

वॉकी-टॉकीतला ‘वोकोडर’ नेमकं हेच मोजतो. दर 20 मिलिसेकंदांनी तो आवाजाला विचारतो: गळा थरथरतोय का? किती उंच पट्टीत? आवाज किती मोठा? कुठल्या सुरांना किती जोर? ही सगळी उत्तरं तो 49 बिटांत बसवतो. 49 वेळा ‘हो’ किंवा ‘नाही’, बस्स. सेकंदाला असे 50 तुकडे, म्हणजे 2,450 बिट. साध्या डिजिटल टेलिफोनला याच कामासाठी सेकंदाला 64,000 बिट लागतात. सव्वीसपट!

एवढ्या कमी बिटांत कसं भागतं? डोंबिवलीचा वडा लंडनला पाठवायचा तर डबा, बर्फ, विमान, सगळं लागेल. पण वड्याची कृती पाठवायची तर एक चिठ्ठी पुरते, तिथला माणूस वडा तिथेच तळतो. वोकोडर आवाजाची कृती पाठवतो. म्हणजे लंडनच्या स्पीकरमधून जो आवाज आला तो डोंबिवलीहून गेलेलाच नाही. तो लंडनमध्ये, त्या क्षणी, नव्यानं घडवलेला आवाज आहे. तरीही ओळखीच्या माणसाला तो कुणाचा हे लगेच कळतं!

या यंत्राला कुठलीही भाषा येत नाही. त्याला मराठीतला ‘ळ’ चालतो, इंग्रजी चालतं, जपानीही चालतं. चालत नाही ते एकच, माणसाच्या गळ्यातून न आलेलं काहीही. बोलताना मागे कुकरची शिट्टी झाली, तर बिचारा वोकोडर तिचीही गळा-जीभ-ओठांत मांडणी करू पाहतो आणि पलीकडे भलताच चित्कार ऐकू येतो.

आता ही कृती हवेतून न्यायची आहे आणि हवेत बिघाड फार. एक बिट उलटला तर? इथे पुढचा चमत्कार येतो. 49 बिटांतले सगळ्यांत महत्त्वाचे 24 वेगळे काढले जातात. पट्टी, थरथर, आवाजाची पातळी यांचा गाभा त्यांत असतो. त्यांचे बारा-बाराचे दोन गट करून प्रत्येकाला गणिताचं कवच चढवतात. पहिल्या गटात 12चे 24 बिट होतात, आणि त्या 24पैकी कुठलेही तीन बिघडले तरी मूळ 12 अचूक परत मिळतात. कुठले तीन, हे आधी माहीत असायची गरजच नाही! हे कवच मार्सेल गोले यांनी 1949 साली मांडलं. गुरू आणि शनीची रंगीत छायाचित्रं व्हॉयेजर यानांनी पृथ्वीवर पाठवली, तेव्हा त्यांच्या बिटांना हेच कवच होतं. शनीच्या कड्यांपासून आलेलं गणित आता डोंबिवलीतल्या माणसाचा आवाज सांभाळतं.

मग प्रक्षेपण. लहर सुमारे 435 मेगाहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला साडेत्रेचाळीस कोटी कंपनं. त्यात रेडिओ जो फरक करतो तो जेमतेम 648 किंवा 1,944 कंपनांचा, वर किंवा खाली. अशा चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरी दोन बिट सांगते. सेकंदाला 4,800 वेळा पायरी बदलते. आणि एवढं करूनही रेडिओ अर्धा वेळ गप्पच असतो! 60 मिलिसेकंदांचं बोलणं तो 30 मिलिसेकंदांत उरकतो आणि पुढचे 30 मिलिसेकंद मोकळे सोडतो. त्या मोकळ्या फटींमध्ये त्याच रिपीटरवर, त्याच लहरीवर, दुसरं संपूर्ण संभाषण चालू शकतं. दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागत नाही.

हे तुकडे पोचतात टेबलावरच्या डबीत. हिला म्हणतात हॉटस्पॉट. आत एक चिमुकला संगणक, बहुधा रास्पबेरी पाय, आणि त्यावर बसवलेली रेडिओची पट्टी. तिला चालवणारं ‘एमएमडीव्हीएम’ हे मुक्त सॉफ्टवेअर लिहिलं ब्रिटिश हॅम जोनाथन नेलर यांनी. डबी आवाज उलगडायच्या भानगडीत पडत नाही. बिट घेते, वर पत्ता लिहिते आणि वायफायवर सोडून देते. डीएमआर वापरणाऱ्या प्रत्येक हॅमला सात आकडी क्रमांक असतो. भारतीय हॅमचा क्रमांक 404नं सुरू होतो, कारण मोबाइलच्या जगातही 404 हा भारताचाच देशसंकेत आहे. बोलणं कुठे जायचं हे ठरवतो टॉकग्रुप, म्हणजे गटाचा क्रमांक. ब्रँडमायस्टर नावाच्या जाळ्यावर 91 निवडला तर साऱ्या जगाला ऐकू जातं, 404 निवडला तर भारताच्या गटाला.

मग अरबी समुद्र, तांबडा समुद्र, भूमध्य समुद्र. तळाशी पडलेल्या केसासारख्या काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. वळणावळणांचा रस्ता 12,000 किलोमीटरचा धरला, तरी 60 मिलिसेकंदांत पार. लंडनचा रिपीटर ते बिट पुन्हा लहरींवर चढवतो, तिथला वॉकी-टॉकी कवच सोडवतो, कृती वाचतो आणि आवाज घडवतो. वाटेतल्या यंत्रांचं थांबणं-साठवणं धरूनही हे सगळं आपल्या ‘गुड मॉर्निंग’ला उशीर वाटू देत नाही. तरीही या जाळ्यावरचे जाणते हॅम बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलतात, आणि दोघांच्या बोलण्यात मुद्दाम फट ठेवतात. साखळीतल्या प्रत्येक कडीला जागं व्हायला वेळ मिळतो, आणि तिसऱ्या कुणाला आत यायला वाट राहते.

यात एक पोपटही आहे! 9990 या क्रमांकाला कॉल करा, काहीही बोला, बटण सोडा. तुमचाच आवाज, कृती होऊन गेलेला आणि पुन्हा घडवलेला, तुम्हाला परत ऐकू येतो. नव्या हॅमचा आवाज जगाला कसा पोचतोय ते सांगणारा पहिला मित्र हाच.

‘पण हा रेडिओ कसला, हे तर इंटरनेट!’ असं जुने हॅम म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. शंभर देशांशी बोलल्याचा मानाचा ‘डीएक्ससीसी’ सन्मान अशा संपर्कांवर मिळत नाही. 26 डिसेंबर 2004ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरमध्ये होते. नेहमीची दळणवळण व्यवस्था कोलमडल्यावर अंदमानची खबर बाहेर पोचवली ती त्यांच्या तारेनं आणि लहरींनी. तिथे इंटरनेट कामाला आलं नसतं.

तरीही मला हा वाद एकतर्फी वाटत नाही, कारण इंटरनेटनं शुद्ध रेडिओलाही नवे कान दिले आहेत. 1974 साली जोसेफ टेलर आणि रसेल हल्स यांनी जोडीत फिरणारा पहिला पल्सार (ठरावीक ठेक्यानं रेडिओस्पंद सोडणारा तारा) शोधला आणि 1993चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं. हे टेलर पोरवयापासून हॅम. खगोलातले क्षीण संकेत गोंगाटातून वेचण्याचं कसब त्यांनी छंदात आणलं आणि 2008 साली ‘विस्पर’ तयार झालं. एका वॉटच्या पाचव्या भागाएवढी शक्ती, साधी तार आणि जवळजवळ दोन मिनिटं चालणारा एक संथ सूर. त्यात फक्त तीन गोष्टी: कॉलसाइन, ठिकाण, शक्ती. कानाला खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही, पण खंडोपखंडींचे संगणक त्या खरखरीतून तो सूर वेचतात आणि इंटरनेटवर नोंदवतात. तुमची लहर आज ऑस्ट्रेलियाला पोचली की दक्षिण आफ्रिकेला, हे दोन-चार मिनिटांत नकाशावर दिसतं. इथे आवाज नेतं ते आकाश, इंटरनेट फक्त निरोप देतं.

ते ठिकाण सांगायची रीतही मजेची. हॅम मंडळींनी पृथ्वीचे चौकोन पाडलेत, प्रत्येक दोन रेखांश रुंद आणि एक अक्षांश उंच. 19 अंश उत्तर ही सीमा थेट मुंबईतून, वरळी-परळच्या आसपास जाते. म्हणून बोरिवलीचा हॅम ‘एमके69’मध्ये, आणि कुलाब्याचा ‘एमके68’मध्ये, पुण्याच्या हॅमसोबत एकाच चौकोनात!

यातलं काहीच नसेल तरी कान देता येतात. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात छतावरच्या अँटेनाला येणाऱ्या 0 ते 29 मेगाहर्ट्झच्या सगळ्या लहरी एकत्र टिपून इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. एकच अँटेना, शेकडो श्रोते, आणि प्रत्येकाच्या हाती स्वतःचं वेगळं बटण. आपली मध्यरात्र म्हणजे तिकडची संध्याकाळ. सूर्य मावळला की दिवसा लहरी गिळणारा वातावरणाचा खालचा विद्युतभारित थर विरतो आणि 7 मेगाहर्ट्झचा पट्टा माणसांनी भरून जातो. ब्राउझरमध्ये ट्वेंटेचं ‘वेबएसडीआर’ हे पान उघडा, ‘एलएसबी’ हा पर्याय निवडा, 7.1 मेगाहर्ट्झच्या आसपास हळूहळू सरका. इटालियन गप्पा, जर्मन हवामान, स्पॅनिश हाका कानावर पडतील.

छंद सुटतो तो अँटेना गेल्यामुळे नाही, माणसांचे आवाज कानाआड झाल्यामुळे. ते आवाज इंटरनेटनं फ्लॅटात, वसतिगृहात, रुग्णालयातल्या खाटेपाशी परत आणले आहेत. ज्याचा कान जागा राहिला तो पुढेमागे गच्चीवर तार ताणायची युक्ती शोधतोच. तेव्हा आज रात्री ऐका. ऐकून हुरूप आला, तर परीक्षेचा अभ्यास धरा. इंटरनेट-जोडणीचे नियम देशागणिक वेगळे असतात, म्हणून आपल्या परवान्याच्या अटी नीट वाचा. कॉलसाइन हाती आला की पहिला कॉल पोपटाला करा आणि दुसरा साऱ्या जगाला.