२० हजारांचा 'आय-सेव्हन गेमिंग पीसी' खरंच स्वस्त आहे का? तयार घ्यावा की असेंबल करावा?

बारावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत एक मागणी पुढे येते, ती म्हणजे गेमिंग पीसी. बजेट साधारण ४० ते ६० हजार. ऑनलाइन शोधाशोध सुरू होते आणि १८-२० हजारांतच 'कोअर आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्डसह गेमिंग पीसी' असं काहीतरी समोर येतं. रंगीत दिव्यांचं काचेचं कॅबिनेट, वर कीबोर्ड-माऊस फुकट. सुटे भाग घेऊन असेंबल करायला गेलं तर दुकानदार याच्या दुप्पट-तिप्पट आकडा सांगतो. मग तयार पीसी घेण्यातच शहाणपण नाही का?

मेख आहे ती 'आय-सेव्हन' या शब्दात. इंटेलचं हे नाव २००८ पासून चालत आलंय. आय-सेव्हन ३७७० हा प्रोसेसर २०१२ चा, म्हणजे तिसऱ्या पिढीचा. २०२२ च्या सुरुवातीला आलेला बाराव्या पिढीचा आय-थ्री १२१०० त्याच्यापेक्षा कितीतरी वेगवान आहे, जरी दोघांनाही कोअर चारच असले तरी. त्यामुळे पाहायचं ते नाव नाही, त्याच्या पुढचा आकडा. स्वस्त जाहिरातींत अनेकदा नेमका तोच गायब असतो. मदरबोर्ड 'एच ६१' असेल तर तो चिपसेट २०११ चा. आणि ग्राफिक्स कार्ड जीटी ७३० असेल तर ते २०१४ चं. पडद्यावर चित्र दाखवण्यापलीकडे त्याच्याकडून फार अपेक्षा नको.

हे फक्त वेगापुरतं नाही. व्हॅलोरंट हा गेम फुकट आहे आणि हलकाही. पण विंडोज ११ वर तो खेळायचा तर त्याची व्हॅनगार्ड ही चीटिंग रोखणारी यंत्रणा टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागते. तिसऱ्या पिढीच्या पीसीत टीपीएम २.० मिळत नाही. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे ज्या गेमसाठी २० हजार घातले, तोच अडण्याची शक्यता.

नामांकित कंपन्यांच्या तयार पीसीची गोष्ट वेगळी. एकच बिल, ओरिजिनल विंडोज, बहुतेक वेळा वर्षभराची वॉरंटी आणि बिघाड झाला तर एकाच ठिकाणी फोन. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला ही सोय मोठी आहे. काटकसर होते ती जाहिरातीत न दिसणाऱ्या भागांत. १६ जीबी रॅम म्हणताना ८-८ च्या दोन पट्ट्यांऐवजी एकच पट्टी लावलेली असते आणि गेममध्ये वेग कमी पडतो. काही कंपन्यांचे मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्याच खास मापाचे असतात. दोन वर्षांनी मोठं ग्राफिक्स कार्ड घालायचं ठरवलं की कळतं, बाजारातला एसएमपीएस यात बसतच नाही.

असेंबल करायचं म्हणजे हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसावंच लागतं असं नाही. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर असो की दुसऱ्या शहरात, सगळे भाग एकाच दुकानातून घेतले तर जोडणी दुकानदारच करून देतो. आपलं काम भाग निवडण्याचं, आणि खरी मेहनतही तिथेच. गेमिंगसाठी सर्वांत मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाला द्यावा. दिव्यांच्या पंख्यांना शेवटी, पैसे उरलेच तर.

कार्ड घेतानाही नुसतं नाव पुरत नाही. आरटीएक्स ३०५० याच नावाने ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डं मिळतात. फरक फक्त मेमरीचा वाटतो, पण ८ जीबीवाल्यात २५६० कोअर आहेत आणि ६ जीबीवाल्यात २३०४. कोटेशनमध्ये नुसतं '३०५०' लिहिलं असेल तर कोणतं, हे लिहून घ्यावं.

दुकानदार सगळ्यात सहज बदलून देतो तो एसएमपीएस. 'तोही ५०० वॅटच आहे' म्हणत साधा, बिननावाचा. हा भाग खराब निघाला तर जाताना कधीकधी मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन जातो. चांगल्या कंपनीचा, '८० प्लस' शिक्का असलेला आणि किमान तीन वर्षांची वॉरंटी असलेलाच घ्यावा.

असेंबल्ड पीसीची खरी किंमत पुढे कळते. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, बऱ्याच भागांची तीन वर्षं किंवा त्याहून जास्त, म्हणजे तयार पीसीपेक्षा चांगली. पण एका सकाळी पीसी सुरूच झाला नाही तर दोष रॅमचा की मदरबोर्डचा, हे शोधायचं कोणी? जवळ सर्व्हिस सेंटर नसेल तर भाग कुरिअरने पाठवून वाट पाहावी लागते. विंडोजचे पैसेही वेगळे; दुकानदार फुकट टाकून देतो ती बहुधा पायरेटेड असते.

एरवी याच पैशांत असेंबल्ड पीसी जास्त दमदार निघतो. पण २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले आणि सुट्या भागांचं गणित बिघडलं. जुन्या भावातला माल घातलेला तयार पीसी अशा वेळी स्वस्त पडू शकतो. म्हणून तयार पीसीतल्या प्रत्येक भागाचं पूर्ण नाव मागवावं आणि त्याच दिवशीच्या सुट्या भावांची बेरीज करावी. फरक दोन-तीन हजारांचाच असेल तर तयार घ्यायला हरकत नाही. विक्रेता भागांची नावंच देत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

बजेट २५ हजारांच्या आसपासच असेल तर ऑफिसांतून निघालेला, किमान आठव्या पिढीचा वापरलेला पीसी पाहावा. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते आणि ६ जीबीचं ३०५० ७० वॅटमध्ये भागतं, त्यामुळे एसएमपीएस बदलावा लागत नाही. फक्त कॅबिनेट बुटकं असेल तर कमी उंचीचं कार्ड लागतं.

लाइट जाणाऱ्या भागात यूपीएसचे पैसे बजेटमध्ये आधीच धरावेत. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच भार पेलतो, त्यात मॉनिटरही आला. आणि बिल घेताना जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर. कच्च्या बिलावर १८ टक्के कर वाचतो खरा, पण वॉरंटीच्या वेळी तो कागद कोणी हातात घेत नाही.