घरगुती प्रवाळ टाकीतील पंपाचा आवाज आणि उष्णता : पुण्याच्या हवामानाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : मोठ्या घरगुती प्रवाळ टाकीत पंप अखंड चालावे लागतात. त्यांच्यामुळे पाणी तापते व घरात सतत घरघर राहते. आवाज कमी करण्याचे नेहमीचे उपाय उष्णता वाढवतात आणि उष्णता कमी करणारी साधने आवाज वाढवतात. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर पंपाच्या निवडीत व जोडणीत, म्हणजे उगमापाशीच शोधले पाहिजे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. पुण्याच्या कोरड्या उन्हाळी हवेचा बाष्पीभवनाने होणारा लाभ व त्याच्या मर्यादाही स्पष्ट केल्या आहेत.

बीजसंज्ञा : प्रवाळ, केंद्रोत्सारी पंप, बाष्पीभवन, ध्वनी, पुणे.

१. प्रस्तावना

मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले, तेव्हा अरबी समुद्र त्याच्या दाराशीच होता. पुण्याची स्थिती वेगळी आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरात ज्यांना घरी प्रवाळ व सागरी मासे पाळावयाचे असतात, त्यांना शुद्ध केलेल्या नळाच्या पाण्यात क्षार मिसळून समुद्र तयार करावा लागतो आणि तो यंत्रांच्या साहाय्याने रात्रंदिवस हलता ठेवावा लागतो. यंत्र थांबले की तो समुद्रही थांबतो.

हा छंद जबाबदारीचाही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक बांधणाऱ्या प्रवाळांचा समावेश झाला. त्यामुळे मालवणसारख्या किनाऱ्यावरील प्रवाळ काढणे वा विकणे हा गुन्हा ठरतो. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या करारातही कठीण प्रवाळांची नोंद आहे. कायदेशीर मार्गाने व कागदपत्रांसह आलेला जीवच घरात ठेवता येतो आणि तो एकदा आला की त्याचे तापमान, प्राणवायू व प्रवाह सांभाळणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य होते.

२. पंपाची अपरिहार्यता आणि तापमानाची मर्यादा

प्रवाळ एका जागी स्थिर असतो. अन्न व प्राणवायू त्याच्यापर्यंत पोहोचवणे आणि त्याने टाकलेली द्रव्ये दूर नेणे ही कामे प्रवाह करतो. मोठ्या टाकीत साधारणतः तीन प्रकारचे पंप असतात. पहिला खालच्या कपाटातील गाळण टाकीतून, म्हणजे सम्पमधून, पाणी वर चढवतो. दुसरा फेस निर्माण करून सेंद्रिय मळ काढणाऱ्या स्किमरचा असतो. तिसरा मुख्य टाकीतच लाटा निर्माण करतो. त्यास वेव्हमेकर म्हणतात.

प्रवाळाच्या ऊतींत सूक्ष्म सहजीवी शैवाल राहते व प्रकाशाच्या साहाय्याने त्याला अन्न पुरवते. टाकीतील पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस असल्यास हे सहजीवन टिकते. तापमान दीर्घकाळ ३० अंशांच्या वर राहिल्यास शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. १९९८ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवर हेच मोठ्या प्रमाणात घडले. समुद्रात ज्या तापवाढीस हवामानातील बदल कारण होतात, ती घरातील टाकीत एका चुकीच्या पंपामुळेही घडू शकते.

तापमानाबरोबर प्राणवायूचाही विचार करावा लागतो. समुद्रसपाटीवर ३५ क्षारतेचे पाणी २६ अंशांस लिटरमागे सुमारे ६.६ मिलिग्रॅम प्राणवायू धरते. ३० अंशांस ते प्रमाण सुमारे ६.२ होते. पुण्यात उंचीमुळे हवेचा दाब सहा-सात टक्क्यांनी कमी असतो. म्हणजेच पुण्यातील २६ अंशांच्या पाण्यात समुद्रकिनाऱ्यावरील ३० अंशांच्या पाण्याइतकाच प्राणवायू मावतो. येथील टाकीस चुकीला जागा कमी आहे ती या कारणाने.

३. उष्णतेचा हिशेब

पंपाने घेतलेल्या विजेचे शेवटी काय होते, याबद्दल पुष्कळदा गैरसमज असतो. ताशी ३००० लिटर पाणी १.३ मीटर उंच चढवण्यास प्रत्यक्षात केवळ सुमारे ११ वॅट शक्ती लागते. त्याच कामासाठी ८० वॅट घेणारा पंप वापरला, तर उरलेले सुमारे ६९ वॅट घर्षण, खळबळ व विद्युत वेटोळ्यांतील रोध यांत उष्णता होतात. वर चढलेले पाणी पुन्हा खाली कोसळते, तेव्हा ते ११ वॅटही उष्णतेतच जातात. पाण्यात बुडवलेल्या पंपाच्या बाबतीत त्याने घेतलेली जवळजवळ सर्व वीज पाण्याला तापवते, असा याचा अर्थ होतो.

हिशेबासाठी ६०० लिटर पाण्याची टाकी घेऊ. पाणी चढवणारा पंप ८० वॅट, स्किमर ३० वॅट व दोन वेव्हमेकर मिळून ३० वॅट, असे एकूण १४० वॅट चोवीस तास चालतात. शिवाय १८० वॅटचे एलईडी दिवे दहा तास चालतात व त्यांची निम्मी ऊर्जा पाण्यात उतरते, असे धरू. दिवसाची बेरीज सुमारे ४.२६ युनिट, म्हणजे १५,३०० किलोज्यूल होते. उष्णता बाहेर गेलीच नाही, तर एका दिवसात पाणी सुमारे ६.२ अंशांनी तापेल. प्रत्यक्षात काच व पृष्ठभाग यांतून उष्णता जात असते. परंतु मे महिन्यात खोलीच ३३ अंशांवर असेल, तर काचेतून उष्णता बाहेर जाण्याऐवजी आत येते.

४. आवाजाचा उगम

आवाजाच्या रूपाने बाहेर पडणारी ऊर्जा अत्यल्प असते. साठ डेसिबल ध्वनिशक्ती म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग. म्हणून आवाज कमी केल्याने उष्णता कमी होत नाही. तरीही दोहोंची कारणे बऱ्याच अंशी समान आहेत : झिजलेले बेअरिंग, खरखरीत झालेला इम्पेलर, चुकीचा भार व अरुंद नळ्या.

टाकीचा आवाज तीन वाटांनी येतो. पहिला गुंजनाचा. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने चुंबकीय बल सेकंदास शंभर वेळा कमी-अधिक होते व १०० हर्ट्झचा खर्ज स्वर निर्माण होतो. हा स्वर हवेपेक्षा घन पदार्थांतून अधिक सहज प्रवास करतो. पंप टाकीच्या तळाला, तळ कपाटाला आणि कपाट फरशीला टेकलेले असते. त्यामुळे अपार्टमेंटमधील खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालाही छतातून घरघर ऐकू येऊ शकते. दुसरा आवाज पाण्याचा : खाली उतरणाऱ्या नळीत हवा शिरली की गुडगुड होते. तिसरा पंख्यांचा व शीतकाचा.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत परिसरातील ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शयनगृहात सतत चालणारा आवाज ३० डेसिबलपेक्षा अधिक नसावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये केली. पहिली मर्यादा घराबाहेरील परिसराची असली, तरी घरातील मोजमापासाठी दोन्ही आकडे उपयुक्त आहेत. डेसिबलची बेरीज साधी नसते, हेही ध्यानी घ्यावे. सारख्या आवाजाच्या दोन यंत्रांपैकी एक बंद केले, तर केवळ तीन डेसिबलच कमी होतात. म्हणून प्रथम सर्वांत मोठा उगम शोधणे आवश्यक ठरते. एकेक यंत्र क्षणभर बंद करून ऐकणे, ही त्याची सोपी रीत होय.

५. उपायांतील परस्परविरोध

आवाजाचा त्रास झाला की कपाट बंद करून आतून फोम लावण्याकडे कल असतो. फोम ध्वनीबरोबर उष्णताही कोंडतो. कपाटातील हवा तापते, आर्द्रता साचते आणि विजेच्या जोडण्या गंजतात. उलट पाणी तापले की पंखा किंवा शीतक बसवला जातो व आवाजाचा नवा स्रोत घरात येतो. शीतक उष्णता नाहीशी करत नाही, ती स्थलांतरित करतो. पाण्यातून १८० वॅट काढण्यासाठी तो स्वतः ६० वॅट घेत असेल, तर खोलीत २४० वॅट सोडतो. बंद दिवाणखान्यात ठेवलेला शीतक म्हणूनच आपलेच काम वाढवतो. पुण्यातील सदनिकांत स्वयंपाकघरालगत असणारी ड्राय बाल्कनी ही त्यासाठी योग्य जागा आहे. मात्र लांबलेल्या नळीचे घर्षण पंपाच्या हिशेबात धरावे लागते.

६. उगमापाशी उपाय

केंद्रोत्सारी पंपाचे नियम सर्वत्र सारखेच आहेत. किर्लोस्करवाडीत १९१० नंतर उभ्या राहिलेल्या उद्योगाने महाराष्ट्राच्या शेतीला ज्या जातीचे पंप परिचित करून दिले, त्याच जातीचा पंप येथे लहान आकारात असतो. प्रवाह गतीच्या प्रमाणात, दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. गती ८० टक्क्यांवर आणली, तर शक्ती सुमारे ५१ टक्क्यांवर येते. टाकीत पाणी ठरावीक उंचीवर चढवावयाचे असल्याने हा नियम पूर्णांशाने लागू पडत नाही. विशिष्ट गतीखाली पाणी वर जाणारच नाही. तथापि मोठा पंप घेऊन झडपेने अडवण्यापेक्षा गती कमी करता येणारा डीसी पंप घेणे हितावह ठरते. प्रवाह अडवावाच लागला, तर झडप पंपाच्या पुढे असावी. शोषण बाजू आवळल्यास पाण्यात पोकळ्या निर्माण होऊन पंप खडखडतो व इम्पेलर झिजतो.

वरील उदाहरणात ८० वॅटऐवजी ३५ वॅटचा पंप बसवल्यास दिवसाची उष्णता सुमारे ११,४०० किलोज्यूलवर येते आणि संभाव्य तापवाढ ६.२ वरून ४.७ अंशांपर्यंत घटते. वर्षाला सुमारे ३९४ युनिट वीज वाचते, ती वेगळीच.

जोडणीतही बरेच साधते. पंपाखाली मऊ सिलिकॉनचा किंवा स्पंजचा थर द्यावा, कठीण नळीऐवजी काही लांबी मऊ नळीची ठेवावी आणि पंप सम्पच्या भिंतीला टेकू देऊ नये. उतरत्या पाण्यासाठी दोन नळ्या ठेवाव्यात : एक झडपेने इतकीच उघडी की ती पाण्याने पूर्ण भरून वाहील व हवा ओढणार नाही, दुसरी थोडी उंच, पहिली तुंबल्यास आपत्कालीन मार्ग म्हणून मोकळी. नळीचे तोंड सम्पमध्ये पाण्याखाली किंचित बुडालेले असावे. एवढ्याने गुडगुड जवळजवळ थांबते.

देखभालीचा मुद्दा सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रवाळांसाठी पाण्यात कॅल्शियम व क्षारीयता मुबलक ठेवलेली असते. तापमान वाढले की कॅल्शियम कार्बोनेटची विद्राव्यता घटते. म्हणून पाण्यातील सर्वांत तप्त पृष्ठभागावर, म्हणजे पंपाच्या आतच, चुन्याचा थर बसतो. थरामुळे घर्षण वाढते, घर्षणाने पंप अधिक तापतो व थर आणखी वाढतो. साधारण तीन महिन्यांनी पंप उघडून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या द्रावणात भिजवून, स्वच्छ धुऊन बसवल्यास हे चक्र तुटते. एरवी शांत असलेला पंप घरघरू लागणे ही बहुधा या चक्राचीच पूर्वसूचना असते.

७. पुण्याची हवा : माठाचे तत्त्व

उगमापाशी बचत केल्यावर उरलेली उष्णता घालवण्यास पुण्याची हवा साहाय्य करते. उन्हाळ्यात येथील माठातले पाणी मुंबईतील माठापेक्षा अधिक गार होते, हा सर्वांचा अनुभव आहे. माठ किंवा टाकी बाष्पीभवनाने हवेच्या आर्द्र तापमानापर्यंतच थंड होऊ शकते. एप्रिल-मे महिन्यांतील दुपारी हवा ३७ अंश व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर आर्द्र तापमान २० ते २१ अंशांच्या आसपास असते. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता नेते. उदाहरणातील मूळ टाकीसाठी दिवसाला ६.३ लिटर, तर सुधारित टाकीसाठी ४.७ लिटर पाणी उडाले म्हणजे यंत्रांनी व दिव्यांनी दिलेली उष्णता निघून जाते. पृष्ठभागावरून वारा घालणारे मंद गतीचे मोठे पंखे हे काम फारसा आवाज न करता करतात.

या उपायाला दोन मर्यादा आहेत. पाणी उडते, क्षार मागे राहतात. रोज सहा लिटर पाणी उडाले व आठवडाभर भर घातली नाही, तर क्षारता ३५ वरून सुमारे ३७.६ होईल, म्हणून तूट नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने भरावी. दुसरी मर्यादा पावसाळ्याची. हवा २८ अंश व आर्द्रता ८० टक्के असता आर्द्र तापमान २५ अंशांवर जाते व पंख्यांचा प्रभाव क्षीण होतो. पुण्याच्या टाकीची खरी कसोटी कडक उन्हापेक्षा जूनमधील दमट, निर्वात दिवसांत लागते, ती यामुळेच.

८. वीज खंडित झाल्यास

वळवाच्या पावसात वीज जाते ती नेमकी उष्म्याच्या दिवसांत. प्रवाह थांबला की प्राणवायू वेगाने घटतो. त्याच बॅटरीवर ३५ वॅटचा पंप ८० वॅटच्या पंपापेक्षा दुपटीहून अधिक वेळ चालतो. अशा वेळी सम्पचा पंप बंद ठेवून केवळ एक वेव्हमेकर पृष्ठभाग ढवळत ठेवणे पुरेसे असते. पंप थांबताच वरचे पाणी खाली उतरते. ते मावेल एवढी जागा सम्पमध्ये राखलेली असावी.

९. निष्कर्ष

पंपाचा आवाज व उष्णता यांवर स्वतंत्र उपाय केल्यास ते एकमेकांस छेद देतात. प्रथम आवश्यक प्रवाह व उंची यांचा हिशेब करून लहान व गती बदलता येणारा पंप निवडणे, नंतर कंपनांचा मार्ग तोडणे व नियमित स्वच्छता ठेवणे, त्यानंतर कोरड्या हवेचा लाभ घेणे आणि शीतक पावसाळ्यासाठी राखून त्याची उष्णता घराबाहेर सोडणे, हा क्रम पुण्याच्या परिस्थितीस अनुरूप ठरतो. या क्रमाने गेल्यास प्रवाळाला जगण्यास योग्य पाणी मिळते, वीज वाचते आणि घरातील व खालच्या मजल्यावरील माणसांना शांत झोप लागते.