बालवयीन सॉफ्टबॉलमधील पंच : पात्रता आणि शिक्षण

इंग्रजीतील ‘अंपायर’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘विषम’ किंवा ‘जोडीबाहेरचा’ अशा अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. दोघांच्या वादात निर्णय देणारा जो तिसरा, तो अंपायर. मराठीतील ‘पंच’ शब्दाच्या मुळाशीही पाच ही विषम संख्याच असावी, हा एक मनोरंजक योग म्हणावयाचा. परंतु गावच्या पंचांना विचार करावयास अवधी असे. साक्षी ऐकता येत आणि निकाल दुसऱ्या दिवसावर टाकता येई. सॉफ्टबॉलच्या पंचास अशी सवड मुळीच नसते. त्यातही लहान मुलींच्या सामन्यात तो बहुधा एकटा असतो, आणि अनेकदा त्याचे स्वतःचे वयही सोळा-सतरा वर्षांपलीकडे गेलेले नसते.

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागो येथे झाला, तोही बंदिस्त जागेतील खेळ म्हणून. १९३३ साली त्याच शहरात अमेरिकेची अमॅच्युअर सॉफ्टबॉल असोसिएशन स्थापन झाली. तीच २०१७ पासून ‘यूएसए सॉफ्टबॉल’ या नावाने ओळखली जाते. लिटल लीग या बालक्रीडासंस्थेने १९७४ साली मुलींसाठी सॉफ्टबॉलचा स्वतंत्र विभाग उघडला, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सॉफ्टबॉलला स्थान मिळाले. खेळाडूंची संख्या वाढली, क्रीडांगणे वाढली, प्रशिक्षकही वाढले. पंचांच्या शिक्षणाची व्यवस्था मात्र या वाढीबरोबर चालू शकली नाही. त्याचे कारण समजण्यासाठी पंचाचे काम नेमके कोणत्या स्वरूपाचे आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

बारा वर्षांखालील मुलींच्या सामन्यात पिचर ४० फुटांवरून चेंडू टाकते. चेंडूचा वेग ताशी ५० मैल धरला, तर तेवढे अंतर तो सुमारे ०.५५ सेकंदात कापतो. पिचरचे पाऊल पुढे पडत असल्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहूनही थोडा कमी मिळतो. तेवढ्यात चेंडू ‘स्ट्राइक’ क्षेत्रातून गेला की नाही, हे ठरवावयाचे असते. हे क्षेत्र म्हणजे होम प्लेटच्या वर, फलंदाजाच्या काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंतचा अवकाश. प्लेटची रुंदी १७ इंच आहे, आणि नवशिका पंच मनाशी १७ इंचांचीच चौकट धरून बसतो. परंतु नियमाप्रमाणे चेंडूचा कोणताही भाग क्षेत्राच्या कोणत्याही भागात शिरला तरी पुरे. बारा इंच परिघाच्या चेंडूचा व्यास ३.८ इंच भरतो. म्हणजे चेंडू दोन्ही कडांना जेमतेम शिवून जाईल अशी रुंदी हिशेबात घेतली, तर एका बाह्य टोकापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे साडेचोवीस इंच होतात. हे साडेसात इंच ज्याच्या ध्यानात येत नाहीत, त्याच्या हातून पिचरवर दर डावात अन्याय होतो.

हा अन्याय केवळ एका पिचरपुरता राहत नाही. दहा वर्षांखालील मुली ३५ फुटांवरून, अकरा इंच परिघाच्या चेंडूने खेळतात, आणि त्या वयात नेम फारसा बसलेला नसतो. त्यात पंचाने चौकट आखडून घेतली की चार ‘बॉल’ होऊन फलंदाज एकापाठोपाठ एक फुकट पहिल्या बेसवर जाऊ लागतात. क्षेत्ररक्षण करणाऱ्या मुली उन्हात नुसत्या उभ्या राहतात; कोणी मातीत रेघोट्या ओढते, कोणी आईकडे पाहत बसते. खेळ चालू असतो, पण खेळत कोणीच नसते. या कारणास्तव अनुभवी पंच लहान वयोगटात चौकट सढळ ठेवावयास सांगतात. नियमपुस्तकाच्या अक्षराशी हे काटेकोरपणे जुळत नाही हे खरे. परंतु मुलींना बॅट फिरवावयास लावणारा पंच त्या वयाला अधिक उपकारक ठरतो, हे मान्य करावयास हरकत नसावी. मात्र सढळपणा दोन्ही बाजूंना आणि पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत सारखाच असला पाहिजे. मुलींना व पालकांना खरी खटकते ती विसंगती.

पाहण्याचे काम डोळ्यांचे असले, तरी डोळे योग्य जागी नेणे हे पायांचे काम आहे. पंचांच्या शिबिरात पहिल्या दिवशी शिकविला जातो तो उभे राहण्याचा प्रकार. कॅचर आणि फलंदाज यांच्यामध्ये जी फट राहते, तिला ‘स्लॉट’ म्हणतात. तेथे उभे राहून हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या थोडी वर ठेवली, तर आतील व बाहेरील अशा दोन्ही कडा दिसतात. कॅचरच्या नेमके मागे दडून उभा राहणारा पंच खालचा चेंडू पाहतच नाही, तो अंदाज बांधतो. चेंडूबरोबर डोके न फिरवता केवळ नजर फिरवावयाची, तो कॅचरच्या हातात विसावू द्यावयाचा, आणि क्षणभर थांबूनच निर्णय उच्चारावयाचा. हा क्षणभराचा विराम शिकविणे सर्वांत कठीण जाते. घाबरलेला माणूस घाई करतो, आणि चेंडू हातातून निसटण्यापूर्वीच ‘बाद’ असे ओरडून बसतो.

बेसवरील निर्णयाची पद्धत आणखी निराळी आहे. तेथे जवळ जाण्यापेक्षा योग्य कोन साधणे महत्त्वाचे. पहिल्या बेसवर पंच फेकीच्या रेषेशी जवळजवळ काटकोन करून, पंधरा-अठरा फुटांवर स्थिर उभा राहतो. नजर धावणारीच्या पायावर व बेसवर ठेवतो, आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज कानाने टिपतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोळ्यांनी पाहता येत नाहीत, म्हणून एक इंद्रिय दुसऱ्याच्या मदतीस घ्यावयाचे. धावत असताना दिलेला निर्णय बहुधा चुकतो, कारण डोके हलले की चित्रही हलते.

नियमांचे ज्ञान ही याहून सोपी बाब वाटते. तशी ती नाही. क्षेत्ररक्षक चेंडूविना धावणारीचा मार्ग अडवीत असेल, तर पंचाने डावा हात आडवा पसरून मूठ दाखवावयाची, पण खेळ थांबवावयाचा नाही. चाल पुरी झाल्यावर न्याय द्यावयाचा. उलट धावणारीने क्षेत्ररक्षकास अडथळा केला, तर सामान्यतः खेळ तात्काळ थांबतो. पिचर आठ फूट त्रिज्येच्या वर्तुळात चेंडू घेऊन उभी राहिली की बेस सोडून थबकलेल्या धावणारीने पुढे किंवा मागे जावयाचे ते लगेच ठरविले पाहिजे, हा तर या खेळाचा खास नियम. बेसबॉलमधून आलेल्या पंचास तो हटकून चकवितो. ‘इनफील्ड फ्लाय’चा नियम घ्या. दोनपेक्षा कमी बाद आणि पहिला व दुसरा बेस व्यापलेला असता, इनफील्डमधील खेळाडूस सामान्य प्रयत्नाने झेलता येण्याजोगा उंच चेंडू उडाला, तर तो झेलला जाण्यापूर्वीच फलंदाज बाद ठरते. पण दहा वर्षांच्या मुलीचा ‘सामान्य प्रयत्न’ म्हणजे काय? त्या वयात सोपा झेलही अनेकदा निसटतो. नियमपुस्तकात याचे उत्तर नाही. त्या संघातील मुली काय करू शकतात, हे पहिल्या दोन डावांत पाहून पंचालाच ते ठरवावे लागते.

आता शिक्षणाकडे वळू. नवीन पंचास सर्वसाधारणपणे नियमांची चाचणी द्यावी लागते, ती बहुधा पुस्तक उघडे ठेवून. त्यापूर्वी किंवा नंतर एखाद्या दिवसाचे शिबिर होते. चाचणीत नियम किती पाठ आहे हे कळते, परंतु चेंडू किती अचूक दिसतो हे कळत नाही. शिवाय यूएसए सॉफ्टबॉल, लिटल लीग आणि हायस्कूल क्रीडासंघांचा राष्ट्रीय महासंघ यांची नियमपुस्तके स्वतंत्र आहेत. एकाच आठवड्यात तिन्हींचे सामने करणाऱ्या पंचाच्या डोक्यात त्यांची सरमिसळ झाली, तर नवल नाही.

मुख्य उणीव मात्र वेगळीच आहे. निर्णय बरोबर होता की चूक, हे बालवयीन सामन्यातील पंचास कधीच कळत नाही. प्रेक्षक ओरडतात, पण ते बरोबर निर्णयावरही ओरडतात. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडूचा मार्ग यंत्राने मोजला जाऊ लागल्यापासून पंचांच्या चुका अभ्यासकांना तपासता आल्या आहेत. ग्रीन व डॅनियल्स यांनी २०१४ साली असे दाखविले की, फलंदाजाविरुद्ध दोन स्ट्राइक झालेले असले की पंचांची चौकट आकुंचन पावते, आणि तीन बॉल झालेले असले की ती फैलावते. निर्णायक शब्द उच्चारण्याचे पंच नकळत टाळतो. चेन, मॉस्कोविट्झ व शू यांना २०१६ साली आढळले की, नुकताच स्ट्राइक दिलेला असल्यास पुढचा तसाच चेंडू स्ट्राइक ठरण्याचा संभव घटतो. हाच दोष त्यांना आश्रयार्थींचे अर्ज निकालात काढणाऱ्या न्यायाधीशांत व कर्जमंजुरी करणाऱ्या अधिकाऱ्यांतही दिसला, तेव्हा केवळ पंचांनाच बोल लावण्याचे कारण नाही. पार्सन्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा २०११ चा निष्कर्ष अधिक बोलका आहे. पंच व पिचर एकाच वंशाचे असले की स्ट्राइकचे प्रमाण किंचित वाढत असे. परंतु ज्या मैदानांवर यंत्राची देखरेख होती, तेथे हा पक्षपात आढळला नाही. वर्षानुवर्षे तेच काम करणाऱ्या निष्णात पंचांची ही स्थिती असेल, तर शनिवारी सकाळी पहिल्यांदाच जाळीचा मुखवटा चढविणाऱ्या मुलास कोणीच न पाहता सोडून देणे कितपत योग्य, हा प्रश्न उरतो.

तेथे यंत्रे बसविणे परवडणारे नाही. परंतु एखादा जाणता पंच कुंपणाबाहेर बसून दोन डाव पाहील आणि नंतर दोन-तीन गोष्टी सांगेल, एवढे शक्य असते. अडचण आहे ती असे जाणते पंच टिकण्याची. क्रीडा-पंचांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ साली अमेरिकेतील सर्व खेळांच्या सतरा हजारांहून अधिक पंचांची पाहणी केली. खिलाडूवृत्ती खालावत चालली आहे, असे त्यांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी सांगितले. आणि सर्वांत अधिक त्रास कोणाचा, या प्रश्नावर पालकांकडे बोट दाखविणारे ३९ टक्के निघाले, प्रशिक्षकांकडे त्याहून कमी. हायस्कूल महासंघाच्या अंदाजानुसार २०१८-१९ च्या हंगामानंतरच्या तीन वर्षांत सुमारे ५० हजार पंचांनी काम सोडले. यात करोनाच्या साथीचाही वाटा होता, हे विसरता येत नाही. परंतु पंच सोडून जातो तेव्हा त्याच्या जागी दुसरा नेमता येतो, त्याने हंगामागून हंगाम जमविलेली नजर मात्र त्याच्याबरोबरच जाते.

न्यू जर्सी राज्यातील डेप्टफर्ड येथील लिटल लीगने २०२३ साली यावर एक निराळाच उपाय काढला. पंचास शिवीगाळ करणाऱ्या पालकाने तीन सामन्यांत स्वतः पंचाचे काम केल्याशिवाय त्यास मैदानात पुन्हा प्रवेश नाही, असा नियम तेथे करण्यात आला. शेजारी अधिकृत पंच उभा राहील, ही तजवीजही ठेवली. शिक्षा म्हणून हा नियम गमतीचा वाटतो. वस्तुतः ते थोडक्यात दिलेले पंचशिक्षणच आहे.

भारतात सॉफ्टबॉलची राष्ट्रीय संघटना १९६१ पासून आहे, आणि महाराष्ट्रात शालेय स्पर्धांतून मुले व मुली हा खेळ खेळतात. शालेय पातळीवर पंचाचे काम शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांवर येऊन पडले, तर त्यांना गुरुपदाचा आदर आपोआप लाभतो. अमेरिकेतील तरुण पंचाच्या वाट्यास तो येत नाही. मात्र आदर मिळाल्याने स्लॉटमध्ये उभे राहणे येते असे नव्हे.

जेथे दोन पंचांचा खर्च पेलतो, तेथे नवख्यास प्रथम बेसवर उभे करून प्लेटमागे अनुभवी पंच ठेवण्याची रीत चांगली फळ देते. बेसवरील निर्णय संख्येने थोडे असतात, दोन चालींच्या मध्ये श्वास घ्यावयास वेळ मिळतो, आणि प्लेटमागील माणूस कसा उभा राहतो, किती थांबतो, संतापलेल्या प्रशिक्षकास किती थोड्या शब्दांत उत्तर देतो, हे साठ फुटांवरून पाहता येते. डाव संपल्यावर दोघे रेषेजवळ भेटतात, आणि मघाच्या निर्णयाच्या वेळी आपण कोठे उभे होतो, हे नवखा पंच पायाने मातीत खूण करून दाखवितो.