कवितेची परिभाषा – लेखांक 6 : आधी म्हणा, मग मोजा

गेल्या आठवड्यात आपण अलंकारांपाशी थांबलो होतो. आज छंदाकडे वळू. साहित्याच्या अभ्यासातल्या सगळ्या संज्ञांमध्ये विद्यार्थी सर्वांत जास्त धसका घेतात तो याच भागाचा. शिकवलाही जातो तो खुणांच्या रूपात. ओळ लिहून घ्यायची, अक्षरांवर लघु-गुरूच्या खुणा करायच्या, तीन-तीनचे गट पाडायचे आणि वृत्ताचं नाव लिहून मोकळं व्हायचं. या सगळ्यात ओळ एकदाही मोठ्याने म्हणावी लागत नाही. हा क्रम उलटा करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. छंदशास्त्रातली जवळजवळ प्रत्येक संज्ञा म्हणजे कानाने आधीच ओळखलेल्या गोष्टीला मागाहून दिलेलं नाव आहे.

लघु-गुरूच घ्या. ऱ्हस्व अक्षर उच्चारायला लागणारा वेळ म्हणजे एक मात्रा. ते अक्षर लघु. दीर्घ अक्षराला दुप्पट वेळ, दोन मात्रा, ते गुरू. अनुस्वाराचं अक्षर जोर देऊन उच्चारलं की गुरू आणि जोडाक्षराच्या आधीचं अक्षरही गुरू. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण शेवटच्या नियमाला एक अट आहे आणि नेमकी तीच विसरली जाते : मागच्या अक्षरावर आघात यायला हवा. ‘पुस्तक’ म्हणून पाहा. ‘पु’वर जीभ थबकते, पुढचा ‘स्’ त्याला येऊन चिकटतो, म्हणून ऱ्हस्व असूनही तो गुरू. आता ‘तुझ्या’ म्हणा. जोडाक्षर इथेही आहे, पण ‘तु’वर भार पडत नाही, म्हणून तो लघुच. ‘कुऱ्हाड’मधल्या ‘कु’चंही तेच. कागदावर हे शब्द एकाच नियमात बसल्यासारखे दिसतात; निवाडा उच्चार करतो.

आजच्या वाचकाची आणखी एक अडचण असते. बोलताना आपण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळतो. ‘कागद’मधला ‘द’ बोलण्यात पाय मोडल्यासारखाच येतो. पद्यात मात्र तो पुरा उच्चारायचा : का-ग-द, अक्षरं तीन, मात्रा चार. जुनी कविता अडखळत वाचणाऱ्या मुलांचा दोष बहुतेक वेळा एवढाच असतो. ही गोष्ट एकदा सांगितली की त्यांचं वाचन लगेच सुधारतं.

आता मोजण्याच्या पद्धती. माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, हे फारसीचे अध्यापक आणि रविकिरण मंडळातले कवी. त्यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी पद्याची जी मांडणी केली, ती अजून कोणी मागे टाकलेली नाही. 1927मध्ये निघालेला हा ग्रंथ त्यांनी पुढे पुष्कळ वाढवून 1937मध्ये पुन्हा काढला. त्यांनी पद्याचे तीन वर्ग केले : वृत्त, जाती आणि छंद. वृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला. जातीत मात्रांची संख्या ठरलेली, क्रम बराचसा मोकळा. आणि छंदात लघु-गुरूचा भेदच उरत नाही, फक्त अक्षरं मोजायची. ‘लगत्वभेदातीत’ हा त्यांचा शब्द जड वाटेल, पण पुढे ओवी-अभंगापाशी आलो की तो किती नेमका आहे ते कळेल.

वृत्तासाठी तीन-तीन अक्षरांचे गण पाडतात. तीन जागा आणि प्रत्येक जागी लघु किंवा गुरू, म्हणजे एकूण आठ गण. ते लक्षात ठेवायचं सूत्र ‘यमाताराजभानसलगा’. अनेकांनी ते मंत्रासारखं घोकलेलं असतं, पण त्यातली करामत सहसा दाखवली जात नाही. सूत्रातलं कुठलंही गणाक्षर घ्या आणि त्याला पुढची दोन अक्षरं जोडा. तो गण तयार मिळतो. य-मा-ता : लघु, गुरू, गुरू, हा ‘य’ गण. न-स-ल : तिन्ही लघु, हा ‘न’ गण. दहा अक्षरांच्या एका साखळीत आठही गण, एकही दोनदा न येता, बसवलेले आहेत.

‘य’ गण चारदा आला की भुजंगप्रयात. समर्थांचे मनाचे 205 श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे त्याची चाल मराठी घरांत अजून जिवंत आहे. उदाहरणापुरती एक ओळ रचू : ‘दुपारी नदीचा किनारा रिकामा’. चार शब्द, प्रत्येक शब्द एकेक ‘य’ गण. बारा अक्षरं, वीस मात्रा. शब्दांची अदलाबदल करा, ‘नदीचा किनारा दुपारी रिकामा’, वृत्त हलत नाही. आता ‘किनारा’च्या जागी ‘काठ’ घाला : ‘दुपारी नदीचा काठ रिकामा’. अर्थ तोच, पण ‘नदीचा’ म्हणून झाल्यावर जीभ एका लघु अक्षराच्या तयारीत असते आणि तिच्यापुढे ‘का’ येतो. ओळ तिथेच अडखळते. ही ठेच ज्याला जाणवली, त्याला भुजंगप्रयात समजलं. खुणा त्याने नंतर केल्या तरी चालतील.

मात्रावृत्तांत, म्हणजे जातींत, हिशेब वेगळा. इथे बहुधा चार, पाच, सहा मात्रांचे तुकडे एकामागून एक येतात. चार मात्रांचा तुकडा किती तऱ्हांनी भरता येईल? ‘राजा’ (गुरू-गुरू), ‘कागद’ (गुरू-लघु-लघु), ‘विचार’ (लघु-गुरू-लघु), ‘कविता’ (लघु-लघु-गुरू) आणि ‘अवखळ’ (चारही लघु). पाच तऱ्हा. तीन मात्रांच्या तीन होतात, पाच मात्रांच्या आठ, सहाच्या तेरा. प्रत्येक आकडा मागच्या दोन आकड्यांची बेरीज आहे आणि कारण सोपं आहे. तुकडा लघुने संपला तर आधी एक मात्रा कमी असलेली मांडणी असते, गुरूने संपला तर दोन मात्रा कमी असलेली. विरहांक आणि बाराव्या शतकातले हेमचंद्र या छंदशास्त्रज्ञांनी हा नियम कवितेच्या मात्रा मोजता मोजता सांगितला होता. इटलीतल्या लिओनार्दोने, ज्याला जग फिबोनाची म्हणून ओळखतं, तीच श्रेणी 1202च्या आपल्या ग्रंथात सशांच्या जोड्या मोजताना मांडली. गणिताच्या वर्गात ही श्रेणी त्याच्या नावाने शिकवली जाते. मराठीच्या तासाला निदान हेमचंद्रांचं नाव तरी घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

आर्या ही या वर्गातली मानाची रचना. बारामतीच्या मोरोपंतांचं (1729–1794) नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं आहे. शास्त्राप्रमाणे आर्येच्या पहिल्या अर्ध्यात तीस मात्रा आणि दुसऱ्यात सत्तावीस. दोन्ही अर्धांत तीस असल्या तर ती गीती. मोरोपंतांच्या प्रसिद्ध आर्या बहुतांश गीती आहेत. लोकांनी त्यांना आर्याच म्हटलं आणि तेच रूढ झालं.

आता छंद. मराठी कवितेचं मूळ घर हेच, आणि अभ्यासक्रमात सर्वांत कमी वेळ मिळतो तोही यालाच. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणात. नमुन्यादाखल रचलेलं कडवं असं :

पहाटेच्या वेळी / दारी आली गाय / हंबरते काय / ऐका तरी

मात्रा मोजल्या तर पहिल्या दोन चरणांत अकरा-अकरा येतात, तिसऱ्यात नऊच. वृत्ताच्या नियमाने हा चरण तोकडा. पण टाळ हाती घेऊन म्हणा. काही उणं जाणवत नाही, कारण गाताना ‘ब’ आणि ‘र’ ही लघु अक्षरंही ‘हं’ आणि ‘ते’ यांच्याइतकीच लांबवली जातात. प्रत्येक अक्षराला सारखा वेळ मिळतो. लघु-गुरूचा भेद गळून पडतो तो असा, आणि ‘लगत्वभेदातीत’ म्हणायचं ते यालाच. अभंगाला ‘वृत्तदृष्ट्या सैल’ म्हणणारे टीकाकार दुसऱ्याच मापाने तो मोजत असतात.

ओवी त्याहून जुनी. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वराने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. 1290च्या ज्ञानेश्वरीच्याही दीड शतक आधीची ही गोष्ट. ग्रांथिक ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि यमकाविना. अक्षरसंख्येचं बंधन ढिलं. जात्यावरची ओवी दोन ओळींची, तिला जात्याच्या फेऱ्याची लय. हेमा राईरकर आणि गी पॉईटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक जणींचा अक्षराशी संबंध नव्हता, तरी त्यांची लय चुकत नाही. बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आणि त्यांच्या कितीतरी कविता आठ-आठ अक्षरांच्या चरणांत नेटक्या बसलेल्या आहेत. ज्या बाईने अक्षर कधी गिरवलं नाही, तिने आठ अक्षरं मोजली कशाने? छंदावरच्या कुठल्याही तासाची सुरुवात या प्रश्नाने व्हावी.

यतीबद्दल थोडक्यात. लांब ओळीत श्वासाला जी जागा ठरवून दिलेली असते ती यती. शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत ती बाराव्या अक्षरावर येते. मंदाक्रांतेच्या सतरांत चौथ्यावर आणि दहाव्यावर. यती शब्दाच्या मधोमध पडली तर तो यतिभंगाचा दोष. अख्खं मेघदूत मंदाक्रांतेत आहे. त्याचा एक श्लोक सावकाश म्हणून पाहा. सुरुवातीचे चार गुरू, मग पाच लघूंची धाव, मग पुन्हा संथपणा. तिथे थांबायचं कुठे हे कोणाला विचारावं लागत नाही.

शेवटची संज्ञा मुक्तछंद आणि तिच्याविषयीचा एक गैरसमज. छंद सोडला म्हणजे मुक्तछंद, असं सर्रास सांगितलं जातं. मराठीत मुक्तछंद रुजवला तो कवी अनिलांनी. त्यांची ‘भग्नमूर्ती’ 1940ची. तिच्यात ओळी लांब-आखूड होतात, यमकाची सक्ती उरत नाही, पण लय सुटत नाही. जिथे लयही टाकलेली असते ती गद्यकविता. ती वेगळी आणि तिचं बळ वेगळ्या ठिकाणी असतं. दोन्हींना एकच नाव दिलं की दोन्हींवर अन्याय होतो : एकीत नसलेली लय शोधली जाते, दुसरीत असलेली ऐकलीच जात नाही.

पुढच्या लेखांकात अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. तोवर अनिलांची एखादी मुक्तछंदातली कविता आणि तुकोबांचा एखादा अभंग लागोपाठ मोठ्याने वाचून ठेवा. शब्दशक्तींची चर्चा आपण तिथूनच सुरू करू.