नावांच्या जन्मकथा : 'नेव्हेया', उलट्या अक्षरांतला स्वर्ग

१९९९ साली अमेरिकेत जन्मलेल्या मुलींपैकी अवघ्या आठ जणींचं नाव 'नेव्हेया' होतं. २००५ साली ते ४,४५७ जणींचं झालं. त्या वर्षीच्या सरकारी यादीत या नावाचा क्रमांक होता ७०, आणि व्हेनेसा, अमांडा यांच्यासारखी चांगली रुळलेली नावं त्याच्या मागे पडली होती. मागच्या भागातल्या 'वेंडी'ला नाटकाच्या रंगमंचावरून घरोघरी पोचायला काही दशकं लागली. नेव्हेयाला सहा वर्षं पुरली.

हे नाव कुठल्या संताचं नाही, राणीचं नाही, कादंबरीतल्या नायिकेचंही नाही. स्वर्ग या अर्थाचा 'हेवन' हा इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याची सहा रोमन अक्षरं शेवटाकडून सुरुवातीकडे लिहायची: एन, ई, व्ही, ए, ई, एच. झालं नाव तयार. उलटं वाचताना शेवटी जाणारा 'एच' मूक राहतो, मधल्या स्वरांना नवा उच्चार मिळतो आणि कानाला 'नेव्हेया' असं मऊ, आकारान्त नाव ऐकू येतं. बहुतेक इंग्रजी शब्द असे फिरवले की जिभेला वळणारच नाहीत असे व्यंजनांचे गठ्ठे उरतात. हा शब्द मात्र फिरवल्यावरही गोड राहिला.

ही युक्ती पहिल्यांदा कोणी केली हे महत्त्वाचं नाही. १९९९ मधल्या त्या आठ मुली सांगतात की ती निदान काही घरांना तरी सुचली होती. ती देशभर नेली एका गायकाने.

सॅन डिएगोच्या दक्षिण भागातल्या 'पी. ओ. डी.' या रॉक बँडचा सनी सँडोव्हल हा मुख्य गायक. बँड १९९२ पासूनचा. नावाचं पूर्ण रूप 'पेएबल ऑन डेथ', म्हणजे खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाला मिळणाऱ्या रकमेसाठी बँकेत वापरला जाणारा शब्दप्रयोग. या श्रद्धाळू ख्रिस्ती तरुणांनी तो येशूच्या बलिदानाकडे बोट दाखवण्यासाठी उचलला होता. १९९९ च्या अल्बमने त्यांना देशभर श्रोते मिळवून दिले. पुढच्या वर्षी एमटीव्हीवर 'क्रिब्ज' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात नामवंत मंडळी कॅमेऱ्याला आपलं घर दाखवत: फ्रीज उघडून, गॅरेजमधल्या गाड्या दाखवून, अगदी झोपायच्या खोलीपर्यंत नेऊन. सँडोव्हलने प्रेक्षकांना आपली तान्ही लेक दाखवली, तिचं नाव सांगितलं आणि स्वर्ग हा शब्द उलटा लिहून ते केल्याचंही सांगितलं.

एवढंच. पण त्या एका वाक्यात नाव होतं, ते करायची कृती होती आणि अर्थही होता. ऐकणाऱ्याला लिहून घ्यायचीही गरज नव्हती, कारण मूळ शब्द आठवला की स्पेलिंग आपोआप सापडत होतं. २००० साली नेव्हेया नावाच्या ८६ मुली नोंदल्या गेल्या, २००१ साली १,१९१. पहिल्या हजार नावांत ज्याचा पत्ताही नव्हता ते नाव एका वर्षात थेट २६६ व्या क्रमांकावर आलं.

हे आकडे इतके नेमके मिळतात त्याचं श्रेय सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याला. बाळ जन्मलं की दवाखान्यातच जन्मनोंदीबरोबर त्याच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा अर्ज भरला जातो. आपल्याकडे जन्मनोंद आधी होते, बारसं बाराव्या दिवशी किंवा सवडीने होतं आणि नाव दाखल्यावर मागाहून चढवता येतं. तिकडे नाव बहुधा घरी जाण्याआधीच ठरवावं लागतं. या अर्जांमधून नावांची क्रमवारी लावण्याचं काम १९९७ मध्ये खात्यातले विमागणितज्ज्ञ मायकल शॅकलफर्ड यांनी हौसेने केलं. स्वतःचं 'मायकल' हे नाव इतकं सार्वत्रिक की होणाऱ्या बाळाचं नाव तसं नसावं, ही त्यांची इच्छा होती. ती यादी पुढे दरवर्षी निघू लागली. एखाद्या वर्षी पाचांपेक्षा कमी बाळांना दिलेली नावं खासगीपणा जपण्यासाठी तीत छापत नाहीत. आज १८८० पर्यंत मागे जाऊन कुठल्याही नावाचा चढउतार पाहता येतो.

पण दूरदर्शनवर रोजच कोणी ना कोणी आपलं लेकरू दाखवत असतं. त्यातली बहुतेक नावं हवेत विरून जातात, मग हेच का तरलं? याचं सगळ्यात पटणारं उत्तर हार्वर्ड विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ स्टॅन्ली लिबरसन यांच्या कामात सापडतं. नावांची फॅशन बाहेरच्या घटनांपेक्षा आवाजांच्या आपल्याच चालीने पुढे सरकते, असं त्यांचं म्हणणं. गाजलेल्या माणसाचं नाव लोक उचलतात ते त्याचा आवाज आधीच कानाला आवडू लागलेला असेल तरच. १९९५ साली त्यांनी आणि केली मिकेलसन यांनी इलिनॉय राज्यातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी नव्याने घडवलेली नावं लोकांपुढे ठेवली आणि ती मुलाची की मुलीची ते ओळखायला सांगितलं. नावं कोणी कधी ऐकलेली नसूनही उत्तरं बरीचशी बरोबर आली. त्यातली काही नावं ऐकली की मुलगीच डोळ्यांपुढे येत होती. म्हणजे मनाला येईल तसं नाव घडवणारे पालकसुद्धा भाषेचे अलिखित नियम पाळत असतात.

नेव्हेया या कसोटीला पुरेपूर उतरतं. शेवटी 'आ', म्हणजे मुलीचं नाव. आलिया आणि मरायाची यमकं त्या काळात कानावर होतीच. मधला 'व्ह' ओलिव्हिया आणि एव्हामुळे आवडता झाला होता. त्यातच धर्माची छटा असलेली नावं वर चढत होती. 'ग्रेस' पहिल्या वीसात होतं आणि १९९९ च्या 'मेट्रिक्स' चित्रपटानंतर 'ट्रिनिटी'ही वेगाने पुढे आलं. 'हेवन' हे सरळ नावसुद्धा मुलींना ठेवलं जात होतं. नावांचे अभ्यासक क्लीव्हलंड इव्हान्स यांच्यासारख्या जाणकारांना २००६ मध्येच या नावाची झेप असामान्य वाटली होती. कृष्णवर्णीय कुटुंबांत ते सगळ्यात वेगाने वाढत होतं आणि इव्हँजेलिकल ख्रिस्ती घरांतही रुजत होतं. या घरांना श्रद्धा सांगणारं तरी शेजाऱ्याच्या मुलीचं नसलेलं नाव हवं होतं. उलटा स्वर्ग दोन्ही गरजा भागवत होता.

अमेरिकेत हे शक्य झालं याला कायद्याची ढिलाईही कारण आहे. आइसलँडमध्ये नवं नाव ठेवायचं तर १९९१ पासून एका समितीची मान्यता लागते, कारण नाव तिथल्या व्याकरणात बसलं पाहिजे. अमेरिकेत देशपातळीवर अशी चाळणी नाही. राज्यांचे थोडेफार निर्बंध सोडले तर पालकांना मोकळं रान.

टीका मात्र भरपूर झाली. नाव 'घडीव' आहे, उथळ आहे, ठेवणारे अडाणी आहेत, असे कुत्सित शेरे वर्षानुवर्षं मारले गेले. ही टीका अन्यायाची आहे. नेव्हेयाने मागे टाकलेलं 'व्हेनेसा' हेही घडीव नावच आहे! एस्थर व्हॅनहोमरी या आपल्या मैत्रिणीसाठी जोनाथन स्विफ्टने तिच्या आडनावातलं 'व्हॅन' आणि एस्थरचं लाडकं रूप जोडून ते केलं आणि १७२६ साली छापलेल्या त्याच्या कवितेतून ते जगाला कळलं. मोठ्या लेखकाने केलं की प्रतिभा, आणि साध्या घरातल्या आईबापांनी केलं की अडाणीपणा, हा न्याय कुठला? बाळासाठी अक्षरं घेऊन बसणाऱ्या आईबापांच्या मनात त्या लेकराबद्दल किती माया असते, हे अशा शेऱ्यांत कुठेच दिसत नाही.

नाव उलटवण्याची रीतही एकट्या नेव्हेयाची नाही. बेसबॉलपटू नोमार गार्सियापारा याचं नाव म्हणजे वडिलांचं 'रमोन' उलटं करून ठेवलेलं. 'जेम्स'चं 'सेमाज' अमेरिकी याद्यांत आहे. स्कॉटलंडमधलं 'सेंगा' हे 'ॲग्नेस' उलटवून झालं, असं तिथले लोक मानतात. मराठी वाचकाला यात 'नवजीवन'सारखे दोन्हीकडून सारखेच वाचता येणारे शब्द आठवतील. याहून थोर खेळ सोळाव्या शतकात गोदावरीकाठच्या पाथरीच्या दैवज्ञ सूर्यकवींनी केला. 'लीलावती'वर टीका लिहिणाऱ्या या गणितज्ञाचं 'रामकृष्णविलोमकाव्य' सरळ वाचलं तर रामकथा आणि उलट वाचलं तर कृष्णकथा. फक्त आपली उलटापालट अख्ख्या अक्षरांची, म्हणजे स्वर व्यंजनासकट फिरतो. रोमन लिपीत स्वर सुटे असतात, म्हणून तिकडे 'हेवन'मधून वेगळाच उच्चार निघाला.

सुट्या स्वरांनी घोटाळाही केला. 'ए' आणि 'ई' यांची अदलाबदल झालेलं चुकीचं स्पेलिंग इतक्या दाखल्यांवर गेलं की तेही पहिल्या हजारांत जाऊन बसलं. त्या मुलींच्या नावात उलट वाचलं तर स्वर्ग येत नाही.

२०१० साली नेव्हेया २५ व्या क्रमांकावर पोचलं आणि तिथून उतरणीला लागलं. आज ते पहिल्या शंभरात नाही. जोना बर्गर आणि गाएल ल मेन्स यांनी २००९ मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या शंभर वर्षांच्या नावांचा अभ्यास मांडला. जी नावं झपाट्याने चढतात ती तितक्याच लवकर टाकली जातात, असं त्यात दिसलं. पालकांना अशी नावं चार दिवसांची लाट वाटतात आणि ते हात आखडता घेतात. नेव्हेयाच्या बाबतीत ही गोष्ट आणखी टोचणारी होती. ज्यांनी ते दुर्मीळ म्हणून निवडलं, त्यांच्या मुलींना बालवाडीत त्याच नावाच्या मैत्रिणी भेटल्या. २००१ च्या त्या १,१९१ मुली आता पंचविशीच्या आसपास आहेत आणि त्यांच्यातल्या काही जणी स्वतःच्या बाळांसाठी नावं शोधत असतील.

पुढच्या आठवड्यात 'खलीसी'. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९९६ च्या कादंबरीत हे नाव नव्हतंच, ती राणीला दिलेली पदवी होती. २०११ मध्ये त्यावरची मालिका सुरू झाल्यावर ती जन्मदाखल्यांवर कशी आली, ते त्या भागात.