ट्यूनर ॲपने तबला लावताय? जरा थांबा

भजनासाठी तबला काळी एकला लावत होतो. म्हणजे सी शार्प, साधारण २७७ हर्ट्झ. ॲप मात्र जी शार्प दाखवत होतं. सूर उतरलाय समजून मी गजऱ्यावर हातोडी मारत गेलो आणि पुडीच फाटली!

तबला खरं तर लागलेलाच होता. शाईमुळे त्यातून सुरेल उपस्वर निघतात, सी. व्ही. रामन यांनी हे १९२० मध्येच मांडलंय. ‘ना’मधला पंचम ॲपने पकडला, एवढंच. आता तानपुरा ॲप सुरू ठेवून सोळाही घरं कानानेच जुळवतो.

गायिका काळी चारमधून मालकंस गाणार असेल, तर हाच सूर तिचा मध्यम होतो. तबला बदलायची गरजच नाही.