आफ्रिकेचे कापड आणि आपली गोधडी

गोष्ट घरचीच सांगतो. दक्षिण आफ्रिकेत नोकरीला असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तिकडचे निळे छापील कापड पाठवले. आमच्या मंडळींनी माझ्या बहिणीच्या बाळासाठी त्याची गोधडी शिवायला घेतली. एक तुकडा निळा, एक पांढऱ्या धोतराचा. दोन महिने धावदोरा चालला होता. पहिल्याच धुण्यात निळा रंग सुटला आणि सगळे पांढरे तुकडे डागाळले. चूक कापडाची नव्हे, आमची होती. कशी, ते ऐका.

त्या कापडाला श्वेश्वे म्हणतात. सोथो लोकांचा राजा पहिला मोश्वेश्वे याच्यावरून हे नाव पडले असे मानतात. सुती कापडाला आधी गडद निळा रंग द्यायचा, मग तांब्याच्या रुळांनी त्यावर आम्लाचे द्रावण छापायचे. जिथे आम्ल लागते तिथला रंग उडून बारीक पांढरी नक्षी उमटते. पूर्वी हे कापड युरोपातून जहाजाने येई. वाटेत दमट हवा बाधू नये म्हणून त्याला भरपूर खळ देत. 1982 पासून ते दक्षिण आफ्रिकेतच छापू लागले, तरी खळीची रीत राहिली. म्हणून नवे कापड पुठ्ठ्यासारखे ताठ लागते. धुतले की खळ जाते, कापड मऊ पडते, थोडे आटते आणि जादा रंगही सुटतो.

पश्चिम आफ्रिकेतले वॅक्स कापड निराळे. जावा बेटातल्या बाटिकची नक्कल डच गिरण्यांनी एकोणिसाव्या शतकात केली. पुढे आफ्रिकेतल्या बायकांनी ते आपलेच करून टाकले. अस्सल वॅक्सची खूण अशी, की नक्षी दोन्ही अंगांनी सारखीच ठसठशीत दिसते. मालीचे बोगोलान म्हणजे हातमागाच्या अरुंद पट्ट्या जोडून चिखलाने रंगवलेले जाड कापड. त्याचे धागे लवकर सुटतात, म्हणून त्याचे तुकडे मोठेच ठेवावेत.

घेताना काय पाहावे? कडेचा एक धागा काढून जाळा. कागदासारखा वास येऊन राख झाली तर सूत. वितळून मणी झाला तर समजा, कृत्रिम धाग्याची भेसळ आहे. मग पन्हा मोजा. श्वेश्वेचा पन्हा साधारण 90 सेंटिमीटर असतो. आटेल या हिशेबाने कापड थोडे जास्तच घ्या.

घरी आणल्यावर आधी ओले पांढरे फडके कापडावर चोळून पाहा. रंग लागला तर ते एकटेच थंड पाण्यात धुवा, आणि पाणी नितळ निघेपर्यंत पाणी बदलत राहा. बोगोलान मात्र भिजत घालू नका, पिळूही नका. सावलीत वाळवा, किंचित ओलसर असताना उलट्या बाजूने इस्त्री करा. कात्री त्यानंतर.

गोधडीत दोन कापडे शेजारी बसवली, म्हणजे त्यांचा जन्माचा शेजार झाला. तेव्हा सुई ओवण्याआधी एक दिवस पाण्याला द्या. दोन महिन्यांचे श्रम वाचतील. आमचे गेले, तुमचे जाऊ नयेत.